पुरात आखाड्यावर अडकलात तर कॅन, ताडपत्री, साडी आणि ताट कोणत्या क्रमाने वापरायचं

पुराचा वेढा पडलेल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठा-शेडच्या वस्तीवर, सामानाची वाण सहसा नसते. खताची रिकामी पोती, तेलाचे कॅन, ताडपत्री, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, बाज, दावी, कासरे असं बरंच काही पडलेलं असतं. घोळ होतो तो क्रमात. पहिला अर्धा तास मोटर काढण्यात आणि सोयाबीनची पोती हलवण्यात जातो. मग अंधारात हाताला लागेल तो कॅन पाण्याला घेतला जातो आणि तो नेमका तणनाशकाचा निघतो.

खालचा क्रम मराठवाड्यातल्या मांजरा, तेरणा, सिंदफणा, दुधना, गोदावरी अशा नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठच्या शेतांसाठी आहे. बाहेरची मदत येईपर्यंत दोन रात्री आणि एक दिवस काढायचा, असं गृहीत धरलं आहे.

## आधीची तयारी: एक डबा, एक यादी

आपल्याकडे मोठा धोका ऑगस्टच्या शेवटापासून परतीच्या पावसापर्यंत असतो. तोवर धरणं भरत आलेली असतात, त्यामुळे वर पडलेलं पाणी थांबत नाही, थेट खाली सोडलं जातं. म्हणून इथे पाऊस उघडला तरी नदी चढू शकते. गोदाकाठाला हे जास्त लागू, कारण जायकवाडीत येणारं पाणी नाशिक-नगरकडचं असतं.

पोळ्याच्या सुमारास पाच लिटरचा रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा एक डबा भरून आखाड्यावर उंच टांगून ठेवा. त्यात हे असावं:

- दोन काडेपेट्या आणि एक लायटर, झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत
- सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या, आठ-दहा
- तुरटीचा खडा, क्लोरीनच्या गोळ्या, मीठ, साखर, चमचा
- शिट्टी, छोटा आरसा, टॉर्च आणि वेगळे काढून ठेवलेले सेल
- धारदार विळा किंवा चाकू
- अर्धा किलो फुटाणे, अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो गूळ
- रोजच्या गोळ्या (बीपी, साखर) चार दिवस पुरतील एवढ्या
- ११२, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, आणि तलाठी व सरपंचांचे नंबर, कागदावर

नंबर कागदावरच हवेत. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही गेले.

तपासा: डबा बंद करून पाण्याच्या टाकीत दाबून धरा. बुडबुडे आले तर झाकणाखाली पॉलिथिनचा तुकडा घालून पुन्हा लावा.

## टप्पा १: कशावर चढायचं ते उजेड असतानाच ठरवा

पहिली पसंती जवळच्या उंच माळाला किंवा टेकाडाला. तिथे कोरड्या वाटेने जाता येत असेल तर वाट बंद होण्याआधी निघा. पुढचं सगळं निघता न आलेल्यांसाठी आहे.

दुसरी पसंती सिमेंटच्या स्लॅबला. तिसरी पत्र्याच्या शेडला, तीही लोखंडी अँगलची आणि पायात काँक्रीट असलेली असेल तरच. पत्र्यावर पाय ठेवायचा तो बोल्टच्या रेषेवर, कारण खाली अँगल तिथेच असतो. दोन रेषांच्या मधे पत्रा वाकतो, पावसात पाय सटकतो.

सावध: माळवदावर, म्हणजे जुन्या घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढू नका आणि त्याखालीही थांबू नका. फूटभर जाडीच्या ओल्या मातीचं वजन एका चौरस मीटरला अर्ध्या टनाहून जास्त भरतं, आणि त्याच वेळी मातीत बांधलेल्या भिंतीचा पाया खालून भिजत असतो. वाडवडिलांनी बांधलेलं, कधी पडलं नाही, हा हिशेब पुराच्या पाण्यात उभ्या भिंतीला लागू होत नाही. कडब्याची गंजीही नको. खालून पाणी शिरलं की ती सरकते.

झाड हा शेवटचा पर्याय. चिंच, कडुलिंब, वड चालेल. बाभूळ टाळा. वर जाण्याआधी काठीने फांद्या झोडपून घ्या, कारण साप आणि मुंगळेही तिथेच चढलेले असतात.

## टप्पा २: पहिली वीस मिनिटं

१. पाणी स्टार्टरपासून लांब असेल आणि पायाखाली कोरडं असेल तरच कोरड्या काठीने मेन स्विच पाडा. पाणी पेटीपाशी आलं असेल तर त्या दिशेला जाऊच नका. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आणि तारांपासून दूर राहा. लाइट गेलेली असली तरी ती मधेच येते. सौरपंपाच्या पॅनलची गोष्ट वेगळी: ऊन असेपर्यंत त्यांच्या तारांत वीज असते, ती कोणी वरून बंद करत नाही.

२. जनावरांची दावी सोडा. गाठ सुटत नसेल तर विळ्याने कापा. मोकळं जनावर पोहून काठ गाठू शकतं, खुंट्याला बांधलेलं जागीच बुडतं. एकदा सोडलं की त्याच्या मागे पाण्यात उतरू नका.

३. भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढा. कोळसा, वीट, चुना, काहीही चालेल. पंधरा मिनिटांनी दुसरी रेघ. चार बोटं चढलं असेल तर वेग तासाला साधारण फुटाचा आहे. किती वेळ हातात आहे, हे या रेघा अंदाजापेक्षा नीट सांगतात.

४. आता सामान वर न्या: तयारीचा डबा, पिण्याचं पाणी, ताडपत्री, सगळे कॅन, पोती, दोऱ्या, दोन साड्या, एक पातेलं, एक स्टीलचं ताट, कोरड्या गोवऱ्या. बियाणं आणि धान्य शेवटी, वेळ उरला तर.

सावध: "गुडघाभरच आहे, जाऊन येतो" हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. वाहतं पाणी वीतभर असलं तरी उभ्या माणसाचा पाय उचलतं. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. पुलावरून पाणी जात असेल तर खालचा पूल जागेवर आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

## टप्पा ३: कॅनची वाटणी

पुढची बरीच कामं कॅनवर अवलंबून आहेत, म्हणून उजेडातच त्यांचे दोन ढीग करा.

पहिला ढीग पिण्याचा: खाद्यतेलाचे कॅन, जारचे वीस लिटरचे कॅन, दुधाचे कॅन, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. याला काही खूण करू नका.

दुसरा ढीग फक्त तरंगायचा: कीटकनाशक, तणनाशक, डिझेल, ऑइल, बॅटरीचं पाणी यांचे कॅन. यातल्या प्रत्येकाच्या मुठीला लाल चिंधी बांधा. रात्री डोळ्यांना लेबल दिसत नाही, हाताला चिंधी लागते.

विषाचा कॅन तीनदा धुतला, राखेने घासला, उन्हात ठेवला, तरी तो पहिल्या ढिगात जात नाही. औषध प्लास्टिकमध्ये मुरतं आणि उकळूनही जात नाही. फवारणीच्या पाठीवरच्या पंपालाही हाच नियम. मात्र हेच कॅन बुच घट्ट लावून पोत्यात घातले की तरंगायला तितकेच उपयोगी, म्हणून फेकू नका.

## टप्पा ४: तरंगण्याची सोय, पाणी छताला लागायच्या आधी

हिशेब सोपा आहे. एक लिटरची रिकामी, बंद बाटली पाण्यात जवळपास एक किलो भार पेलते. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहायला सात-आठ किलोचा आधार लागतो. घट्ट न बसलेलं बुच आणि सैल गाठ धरून दहा लिटरचा हिशेब ठेवा: पाच लिटरचे दोन कॅन, किंवा दोन लिटरच्या पाच बाटल्या.

१. बुच काढून आत पाणी नाही ना पाहा. बुचाखाली पॉलिथिनचा तुकडा घालून पिळून लावा.

२. कॅन कांद्याच्या जाळीच्या गोणीत किंवा खताच्या पोत्यात घाला. नुसत्या मुठीला दोरी बांधू नका, मूठ तुटते.

३. पोतं छातीवर घ्या, पाठीवर नको. आधार पाठीवर असला की माणूस तोंडावर पालथा होतो. बहुतेक जण हेच उलटं करतात, कारण पाठीवर बांधणं सोपं वाटतं.

४. ओढणी किंवा साडीचा पट्टा काखेखालून फिरवून पुढे बांधा. दुसरा पट्टा दोन पायांमधून मागून पुढे आणा. तो नसेल तर पाण्यात पडताच कॅन वर सरकून तोंडावर येतात.

तपासा: दुसऱ्याने पोतं धरून वर ओढावं. ते हनुवटीच्या वर गेलं तर पुन्हा बांधा. आधी लहान मुलं आणि म्हातारी माणसं, मग बाकीचे.

ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब असेल तर उत्तम, पण तिचा लोखंडी व्हॉल्व्ह चिंधीने गुंडाळा. तराफा बांधून पलीकडे जायचा विचार सोडून द्या. बाज आणि चार जार बांधले की ते तरंगतं खरं, पण प्रवाहात त्याला वळवता येत नाही आणि ते पहिल्याच झाडावर आदळतं.

फेकायचा कॅन वेगळा तयार ठेवा. पाच लिटरच्या कॅनमध्ये दोन बोटं पाणी घाला, म्हणजे वाऱ्याने भरकटत नाही. मुठीला पंधरा मीटर दोरी बांधा. कोणी वाहत आला तर बसून, त्याच्या थोडं पुढे जाईल असा फेका. दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळायची नाही.

दोरी कमी पडली तर साडी. सहावारी साडेपाच मीटर भरते, नऊवारी आठेक मीटर. लांबीत पीळ देऊन घ्या. दोन साड्या जोडताना साधी चौगाठ ओली झाली की निसटते. त्याऐवजी पहिलीचं टोक दुमडून फास करा. दुसरीचं टोक फासातून खालून वर काढा, फासाच्या दोन्ही पदरांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खाली दाबून ओढा. शेवटी वीतभर टोक शिल्लक ठेवा.

सावध: माणसाच्या अंगाला सरगाठ, म्हणजे ओढलं की आवळत जाणारी गाठ, कधीच नको. आणि वाहत्या पाण्यात माणसाला खांबाला किंवा झाडाला बांधू नका. प्रवाह त्याला दोरीच्या टोकाशी धरून पाण्याखाली दाबतो. झाडावर झोप लागण्याची भीती असेल तर एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा आणि ती स्वतःच्या हाताशी ठेवा.

## टप्पा ५: पिण्याचं पाणी

पहिलं लक्ष पावसाच्या पाण्यावर, पुराच्या पाण्यावर नाही. फवारलेल्या कपाशी-सोयाबीनवरून, उकिरड्यावरून, संडासाच्या खड्ड्यावरून आलेलं पाणी उकळलं तर जंतू मरतात, औषध राहतं.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बारा बाय अठराची ताडपत्री साधारण वीस चौरस मीटर भरते. दहा मिलिमीटरची एक सर आली तर हिशेबाने दोनशे लिटर, गळती धरून दीडशे. चार माणसांना पिण्यासाठी दिवसाला बारा लिटर लागतं. म्हणजे एक सर नीट धरली तरी खूप झालं, पण कॅन आधीच मांडून ठेवलेले हवेत.

१. ताडपत्रीचे तीन कोपरे वर, एक खाली. मधे धुतलेला दगड ठेवा, म्हणजे पाणी त्या कोपऱ्याकडे वळेल.

२. पहिली पाच-दहा मिनिटं पाणी वाहून जाऊ द्या. त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

३. खालच्या कोपऱ्यात ठिबकची नवी नळी खोचून दुसरं टोक कॅनमध्ये सोडा. वापरलेली नळी नको, तिच्यातून खत आणि औषध गेलेलं असतं. नळी नसेल तर कोपराच पातेल्यात वाकवा. सिमेंटच्या पत्र्याचं पाणी धरू नका.

४. कॅनच्या तोंडाला सुती कापडाच्या चार घड्या. जुनी, अनेकदा धुतलेली सुती साडी नव्यापेक्षा चांगली गाळते.

पाऊस उघडला आणि पुराचंच पाणी घ्यावं लागलं, तर प्रवाहाच्या मधलं घ्या, काठाच्या फेसाचं नको. तुरटी चार-पाच वेळा फिरवा, तासभर निवळू द्या, वरचं अलगद ओता, चार घड्यांतून गाळा. मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकणं हे या टप्प्यातलं नेहमीचं चुकणं: क्लोरीन गाळातच खर्च होतं. औषधाचा वास किंवा तेलाचा तवंग असेल तर ते पाणी सोडा.

जळण आणि गोळी दोन्ही नसेल तर ऊन आहे. दोन लिटरपर्यंतची पारदर्शक, बिनरंगी बाटली निवळलेल्या पाण्याने भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवा. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. काचेची किंवा हिरवी बाटली नको.

तहान दाबून पाणी साठवत बसू नका. आधी सावली आणि आराम, मग तहानेपुरतं पाणी. जुलाब सुरू झाले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

## टप्पा ६: ऊब, चूल, खाणं

सप्टेंबरची रात्र थंड वाटत नाही, पण ओल्या कपड्यांत वारा लागला की अंगात हुडहुडी भरते. खताचं पोतं धुऊन एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावर घेतलं की घोंगता झाला. दुसऱ्या पोत्यात कोरडा कडबा भरून खाली टाका. ओल्या स्लॅबमधूनही अंगाची ऊब भराभर जाते. ओले कपडे पिळून घाला, कोरडं असेल ते मुलांना.

चुलीला तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. वरचं झाकण कापा, तळापासून दोन बोटं वर वितीपेक्षा कमी रुंद तोंड ठेवा, समोरच्या बाजूला खिळ्याने आठ-दहा भोकं पाडा. आत तुराट्या किंवा पऱ्हाट्या, वर गोवरीचे तुकडे. सायकलच्या ट्यूबची पट्टी ओल्यातही पेटते, तिच्यावर बारीक काड्या धरा. पण तिचा काळा धूर विरल्याशिवाय पातेलं ठेवू नका. चूल उघड्यावर, ताडपत्रीच्या बंद आडोशात नाही.

खाण्यात दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. लाल-गुलाबी किंवा हिरवा रंग लावलेलं बियाणं औषध लावलेलं असतं. धुऊन, भाजून, दळून ते खाण्यालायक होत नाही. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्यही नको. फुटाणे, शेंगदाणे, गूळ यांना शिजवायची गरज नाही, म्हणून ते डब्यात आहेत. धपाटे असतील तर ते आधी संपवा.

हात घालण्याआधी पोतं, बूट, गंजी काठीने हलवा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात-पाय फळीला किंवा पाइपच्या तुकड्याला सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, आणि मदतीला कळवताना "सर्पदंश" हा शब्द पहिला सांगा.

## टप्पा ७: खूण

मोबाइल आधी. पहिला फोन ११२ ला. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. फोन लागत नसेल तर मेसेज करा, अनेकदा तो निघून जातो. मजकूर असा: गाव, तालुका, गट नंबर, कुणाचा आखाडा, माणसं किती, त्यात मुलं-आजारी किती, कशावर बसलोय. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून येणारे आकडेही पाठवा. ते इंटरनेटशिवायही दिसू शकतात. मग विमान मोड लावा आणि ठरावीक वेळी, समजा दर तासाच्या ठोक्याला, पाच मिनिटं सुरू करा. एका वेळी एकच मोबाइल चालू. व्हिडिओ काढत बसणाऱ्याच्या हातातून तो काढून घ्या.

दिवसा रंग आणि चकाकी. भडक साडी पसरून कडांवर विटा ठेवा. मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर करून आडव्या-उभ्या पट्ट्यांचा मोठा फुलीचा आकार करा, प्रत्येक पट्टी निदान तीन मीटर. लहान खूण वरून कचऱ्यासारखी दिसते. आरसा किंवा स्टीलचं ताट असेल तर एक हात पुढे करून दोन बोटांच्या बेचक्यात मदतीची होडी किंवा हेलिकॉप्टर दिसेल असं धरा, आणि ताटाचा कवडसा त्याच बोटांवर पाडा. कवडसा बोटांवर असला की तो समोरच्यापर्यंत जातो.

रात्री टॉर्चचे तीन झपके, थांबा, पुन्हा तीन. ताट-पळीचा आवाजही तीन-तीन. सतत बडवलं की तो पावसाच्या गोंगाटात विरतो आणि हातही दुखतात. वर उजेड हवा असेल तर मोबाइलच्या टॉर्चवर पाण्याने भरलेली बाटली ठेवा, उजेड पसरतो. ही बॅटरीची चैन आहे, गरजेपुरतीच करा.

## टप्पा ८: मदत आली की

सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात बोटी आणि हेलिकॉप्टर दोन्ही वापरावे लागले, म्हणून दोन्हीची रीत माहीत हवी.

हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. एकच हात हलवला तर तो नमस्कार वाटतो. मग लगेच ताडपत्री, मल्चिंग पेपर, मोकळे पत्रे गुंडाळून दगडाखाली दाबा, चूल विझवा, पदर आणि ओढणी खोचा. पंख्याच्या वाऱ्याने सुटा पत्रा विळ्यासारखा उडतो. दोरी किंवा हुक खाली आला की तो आधी छताला किंवा पाण्याला टेकू द्या, मगच हात लावा, नाहीतर झटका बसतो. ती दोरी कशालाही बांधू नका.

बोट आली तर सगळे एका काठावर धावू नका. जवान सांगतील त्या क्रमाने, एकेक, खाली बसूनच. तुमचं छातीवरचं पोतं त्यांचं लाइफ जॅकेट मिळेपर्यंत काढू नका. बसताच शेजारच्या आखाड्यांवर कोण राहिलंय, किती जणं, हे सांगा. बोट परत येईल तेव्हा तेवढ्याच माहितीवर ती वळते.

काठावर पोचल्यावर पायाच्या जखमा साबणाने धुवा आणि आरोग्य केंद्रात "पुराच्या पाण्यात होतो" एवढं आवर्जून सांगा. ताप आल्यावर नाही, आधीच. आखाड्यावर परतल्यावर स्टार्टर, केबल आणि मोटर वायरमनने वाळवून तपासल्याशिवाय बटण दाबू नका, आणि पंचनामा होईपर्यंत भिंतीवरच्या पाण्याच्या रेघा पुसू नका.